चक्क्याचं पाणी आणि डब्यातली पावडर

गाय व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत निघणारं दूध म्हणजे चीक. त्यात गूळ, वेलदोडा घालून वाफवलं की खरवस थिजतो. विरजण नाही, लिंबू नाही. नुसती वाफ पुरते. साधं दूध मात्र तासभर उकळलं तरी आटतं, थिजत नाही. हा फरक ज्या प्रथिनांमुळे पडतो, तीच आज पुण्यातल्या जिममध्ये ‘व्हे प्रोटीन’ म्हणून डब्यांतून विकली जातात.

दुधात प्रथिनांची दोन कुळं असतात. गायीच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं; त्यातली सुमारे ८० टक्के केसीन, उरलेली २० टक्के व्हे. केसीन उष्णतेला सहसा दाद देत नाही, पण आंबटपणा आला की एकत्र येतं आणि दही लागतं. व्हे प्रथिनांचं नेमकं उलट. आंबट झालं तरी ती पाण्यात विरघळलेली राहतात. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की त्यांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना, नाहीतर केसीनला, चिकटू लागतात. पहिल्या दिवशीच्या चिकात एकूण प्रथिनं १४ टक्क्यांच्या घरात असतात आणि त्यात मोठा वाटा वासराला रोगांपासून जपणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिन या व्हे प्रथिनांचा. वाफ लागली की त्यांचं जाळं विणलं जातं आणि खरवसाच्या वड्या पडतात.

आता श्रीखंडाकडे येऊ. दही फडक्यात बांधून टांगलं की खाली हिरवट-पिवळं पाणी ठिबकतं. ही निवळी. ‘व्हे म्हणजे हेच पाणी, फुकटचं प्रोटीन’ असं हल्ली बरेचजण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आपण दही लावण्याआधी दूध उकळतो. त्या उकळीत व्हे प्रथिनांतला बराच भाग केसीनला चिकटतो आणि पुढे चक्क्यातच राहतो. पनीरचंही तसंच, कारण तिथेही दूध कडक तापवूनच फाडतात. म्हणजे घरच्या पाण्यात प्रथिनं थोडी. दुधाची साखर, काही क्षार आणि तो हिरवट रंग देणारं बी-२ जीवनसत्त्व मात्र आहे. कणीक भिजवायला, आमटीत घालायला ते उत्तम. दंडाचे स्नायू त्याच्यावर फुगणार नाहीत.

मग डब्यातलं व्हे येतं कुठून? चीजमधून. चीजसाठी दूध पाश्चराइज करतात, म्हणजे ७२ अंशांवर जेमतेम १५ सेकंद. एवढ्यात व्हे प्रथिनांना फारसा धक्का लागत नाही. मग एन्झाइमने केसीन गोठवतात आणि व्हे पाण्याबरोबर निसटतं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला पराग मिल्क फूड्स हे चीज करते आणि ‘अवतार’ नावाची व्हे पावडरही. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं आणि नऊ लिटर निवळी. ही निवळी ओढ्यात सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपवून टाकते, म्हणून जगभरच्या चीजवाल्यांना ती एकेकाळी डोकेदुखीच होती. पुढे अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे आले. त्यातून पाणी, साखर आणि क्षार पार होतात, प्रथिनं अडतात. अडलेला दाट द्रव गरम हवेत फवारून वाळवला की पावडर तयार. निवळीत प्रथिनं जेमतेम पाऊण टक्का, त्यामुळे ८० टक्के प्रथिनांची एक किलो पावडर करायला शंभराहून जास्त लिटर निवळी लागते. याला ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणतात. आणखी गाळून ९० टक्क्यांपर्यंत नेलं की ते ‘आयसोलेट’. त्यात दुधाची साखर नगण्य, म्हणून दूध न पचणाऱ्यांना ते बहुधा सोसतं. दुधाच्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र दोन्ही वर्ज्य.

पोटात गेल्यावरही या दोन कुळांचा स्वभाव वेगळा. केसीन जठरातल्या आम्लात पुन्हा गोठतं आणि सावकाश पचतं. व्हे पातळच राहून पुढे सरकतं, त्याची अमिनो आम्लं लवकर रक्तात उतरतात. १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हा फरक माणसांवर मोजून दाखवला. शिवाय व्हेमध्ये ल्युसीन हे अमिनो आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास असतं, आणि नवा स्नायू बांधायला घ्या असा हुकूम पेशीला देण्यात ल्युसीनचा हात मोठा आहे. मात्र त्या हुकमाला व्यायामाची जोड लागते. २०१८ मध्ये ४९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वजन उचलण्याच्या व्यायामाला प्रथिनांची मदत होते असं दिसलं. पण शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही.

स्नायूंचा हा प्रश्न पुणेकरांनी हसण्यावारी नेऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं बारीक खरी, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी टिकलेली आणि स्नायू कमी. जेवणानंतरची बरीच साखर स्नायूच उचलतो. तो कमी असला की मधुमेहाची वाट सोपी होते.

साखरेवर व्हेचा थेट परिणामही तपासला गेलाय. इस्रायलमधल्या २०१४ च्या चाचणीत मधुमेहाच्या १५ रुग्णांना न्याहारीआधी ५० ग्रॅम व्हे दिलं, तेव्हा नंतरच्या तीन तासांतली साखर २८ टक्के कमी राहिली. आतड्यातली संप्रेरकं आधीच जागी होतात आणि जठर सावकाश रिकामं होतं. पण माणसं १५ आणि मात्रा ५० ग्रॅम, हे विसरून त्याला औषध म्हणू नये. प्रतिकारशक्तीच्या जाहिराती तर आणखी पातळ. व्हेमधलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन जंतूंचं लोह पळवतं हे प्रयोगशाळेत खरं, पण पावडरीत ते अगदी थोडं असतं.

माझं मत विचाराल तर घरच्या जेवणात डाळ, दही, अंडी, उसळ पुरेशी असेल त्याने डब्यावर पैसे घालू नयेत. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असंच म्हटलंय. निरोगी प्रौढाची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. भूक मंदावलेले आजी-आजोबा, शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस यांना मात्र पेलाभर पाण्यात मिळणारी २० ग्रॅम प्रथिनं खरोखर उपयोगी पडू शकतात. डबा घ्यायचाच असेल तर पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा: एका मापात प्रथिनं किती, घातलेली साखर किती, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) परवाना क्रमांक आहे का. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकण उघडू नका.