डिझेल पंप आणि विजेची ठिणगी

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात सावलीतील तपमान ४० अंशांच्या वर जाते. टंचाईतील पाण्याचे टँकर, नांगरटीचे ट्रॅक्टर, एस. टी. आगारांतील बसगाड्या यांत डिझेल भरण्याचे काम याच उन्हात चालते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात त्यावर विसंबणे बरे नव्हे.

ज्या किमान तपमानास तेलातून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा याहून अधिक असतो आणि जमिनीखालील टाकीतील तेल थंडही राहते. परंतु उन्हात उभ्या केलेल्या लोखंडी पिंपाला ही सवलत नाही. ६५ अंशांखालील फ्लॅश पॉइंटचे तेल जेथे असण्याचा संभव आहे, ती जागा पेट्रोलियम नियम, २००२ यांनी विजेच्या दृष्टीने धोक्याची मानली आहे, ती याच कारणाने.

वाफ सतत असते की कामाच्या ओघात वा क्वचितच येते, त्यानुसार अशा जागेचे शून्य, एक व दोन असे झोन पडतात. तेलाची वाफ हवेहून जड असल्याने ती खड्ड्यांत व केबलच्या चरांत साचते. साधे बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. ती आपणांस दिसत नाही, वाफेला मात्र पुरते. म्हणून तेथे फ्लेमप्रूफ उपकरणे लागतात. ही पेटी वाफ आत येऊ देत नाही, अशी अनेकांची कल्पना असते. वस्तुतः वाफ आत शिरतेच. आत स्फोट झाला तरी भक्कम पेटी तो सोसते आणि तप्त वायू सांध्याच्या अरुंद फटीतून निवत बाहेर पडतात. अर्थात एक बोल्ट गळाला किंवा केबलचे भोक उघडे राहिले, की त्या महागड्या पेटीचे मोल साध्या डब्याएवढेच.

दुसरी ठिणगी तारेवाचून पडते. नळीतून वाहताना डिझेलवर स्थिर विद्युत साठते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या अत्यल्प गंधकाच्या डिझेलमध्ये, खास द्रव्य मिसळले नसल्यास, ती अधिकच रेंगाळते. कारण गंधक काढताना तेलाची वीजवहनाची शक्तीही घटते. यास्तव टाकी, पंप व नळ एकमेकांस जोडून अर्थिंग करावे लागते. नियमानुसार अर्थिंगचा रोध ४ ओहमपेक्षा आणि प्रत्येक सांध्याचा १ ओहमपेक्षा अधिक नसावा. ही मोजणी मीटरनेच होते. गंजलेली पट्टी पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. पूर्वी पेट्रोल असलेल्या पिंपात डिझेल ओतणे सर्वांत वाईट. उरलेली पेट्रोलची वाफ विरळ होत नेमकी स्फोटक प्रमाणात येते आणि त्याच वेळी ठिणगीही तयार असते.

१,००० लिटरपेक्षा मोठे भांडे नसेल, तर एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवण्यास पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. गावातील साठे बहुधा याच मर्यादेत असतात आणि तपासणीबाहेर राहतात. तेथे काय पाहावे, हे सरपंच व ग्रामसेवकांना सहज समजण्याजोगे आहे. पिंपावर लोंबणारा दिवा, सुट्या तारांनी जोडलेली मोटार आणि गाडीतच ठेवून भरला जाणारा प्लास्टिकचा डबा या तीन गोष्टी तेथे नसाव्यात. मुख्य स्विच साठ्यापासून दूर, धावत जाऊन बंद करता येईल अशा जागी असावा. तो कोठे आहे, हे पंपावरील माणसासच नव्हे, तर रात्रीच्या राखणदारासही ठाऊक असले पाहिजे.