डावाचे विश्लेषण, बुद्धिबळातील
पूर्ण झालेल्या डावातील चाली क्रमाने पुन्हा मांडून चुका व अधिक चांगले पर्याय शोधण्याची पद्धती [→ बुद्धिबळ]. प्रथम नोंदपत्रकावरून डाव मांडून खेळताना सुचलेले पर्याय व खर्ची पडलेला वेळ टिपतात. नंतर डाव कोठे बिघडला, ते स्वतःच्या गणनेने ठरवितात. चुकीइतकेच तिचे कारण (गणनेतील दोष, स्थितीचे सदोष मूल्यमापन, वेळेची टंचाई) महत्त्वाचे असते. संगणकाचा पडताळा शेवटी घेणे इष्ट. अन्यथा उत्तर मिळते, पण विचारातील दोष कळत नाही.

जगज्जेता म्यिखईल बोट्‌व्हिनिक (१९११–९५) याने स्वतःच्या डावांची विश्लेषणे प्रसिद्ध करून ती टीकेला खुली करण्यावर भर दिला. व्हार्ना (बल्गेरिया) येथे १९६२ मध्ये अमेरिकेच्या बॉबी फिशरविरुद्धचा त्याचा डाव हत्तींच्या अंत्यडावात तहकूब झाला. फिशरकडे एक प्यादे अधिक होते. तथापि रात्रीच्या विश्लेषणात सापडलेल्या बचावामुळे डाव बरोबरीत सुटला. आपणास विजय शक्य होता, असे फिशरने १९६९ मधील आपल्या पुस्तकात चालींनिशी मांडले. पुढे बोट्‌व्हिनिकच्या शाळेतील बालविद्यार्थी गॅरी कास्पारॉव्ह याने त्यावरही बरोबरीचा मार्ग दाखविला. विश्लेषण लेखी असल्यामुळेच त्याची अशी तपासणी होऊ शकली.