घरचं बियाणं आणि वेबसाइट

परतूर तालुक्यातल्या आष्टीत मृगाच्या तोंडावर कपाशीचं पाकीट नवं घ्यावंच लागतं. संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, शेत एकसारखं येत नाही. सोयाबीनचं तसं नाही. सरळ वाण, उगवण तपासायची, बीजप्रक्रिया करायची आणि घरचंच बियाणं पेरायचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, त्या जिल्ह्यात हा फरक कुणाला समजावून सांगायला नको. वेबसाइट काढताना मात्र आपण तो विसरतो.

विक्ससारखा वेबसाइट बिल्डर म्हणजे संकरित पाकीट. फोटो ओढून जागेवर ठेवा, दुकानाचं नाव टाका, संध्याकाळपर्यंत साइट उभी. त्यात वाईट काही नाही. पण पान मांडणारा प्रोग्रॅम कंपनीच्याच सर्व्हरवर चालतो. मजकूर, फोटो उतरवून घेता येतात. साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्गणी वाढली तर भरा, नाहीतर पहिल्यापासून मांडा. यालाच ‘व्हेंडर लॉक-इन’ म्हणतात. गुगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. जुने पत्ते १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवले, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांच्याकडे पिशव्या तेवढ्या उरल्या.

२००३ साली आलेलं वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर सोयाबीनच्या जातीचं. परवाना मुक्त, फाइली आणि डेटाबेस, दोन्ही आपल्या हातात. होस्टिंग बदललं की दोन्ही उचलायचे आणि नव्या जागी मांडायचे. मशागत मात्र आपली: अपडेट, बॅकअप, जुन्या प्लगिनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या प्रोग्रॅममधून, शिरणाऱ्या हॅकरांचा बंदोबस्त. आणि इथेही अडकायला होतंच. काही पेज बिल्डर प्लगिननी सजवलेली पानं ते प्लगिन काढताच उघडी पडतात, मजकुरात चौकटी कंसांतले शॉर्टकोड दिसू लागतात.

एखाद्या कृषी सेवा केंद्राला पत्ता, फोन आणि वेळ एवढंच दाखवायचं असेल, तर बिल्डर पुरे. तिथे वर्डप्रेस मला उगाचची उठाठेव वाटते. शाळेचं किंवा पतसंस्थेचं वर्षानुवर्षांचं काम साठणार असेल, तर वर्डप्रेसच. काहीही घ्या, डोमेन तेवढं स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. साइट बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. तो पुण्याला नोकरीला लागला की फोन उचलत नाही.