विमानप्रवासाचे पूर्वानुमान : विकलेले तिकीट आणि खरी मागणी

विमान कंपनी जी सेवा विकते ती साठवून ठेवता येत नाही. उड्डाण झाले की रिकाम्या आसनाचे मूल्य शून्य होते. याउलट विमाने मागविणे, धावपट्ट्या बांधणे, वैमानिक तयार करणे यांस वर्षे लागतात. त्यामुळे मागणीचे पूर्वानुमान हा या उद्योगाच्या अर्थकारणाचा पायाच होय.

प्रारंभीचे संशोधन कालश्रेणीवर आधारलेले होते. बॉक्स आणि जेंकिन्स यांच्या १९७० च्या ग्रंथात १९४९ ते १९६० या काळातील आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची मासिक आकडेवारी अभ्यासली आहे. दीर्घकालीन वाढ व हंगामी चढउतार यांचा एकत्रित वेध घेणाऱ्या त्यांच्या प्रतिमानास आजही ‘एअरलाइन प्रतिमान’ म्हणतात. बेट्स व ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये विमानप्रवाशांच्याच आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की, दोन अपूर्ण अनुमानांची भारित सरासरी त्या दोहोंपेक्षा अधिक अचूक ठरू शकते. परीक्षार्थींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कारण नव्या संगणकीय पद्धतींच्या गाजावाजात हा साधा निष्कर्ष विस्मृतीत जातो.

पुढील संशोधनाने अधिक मूलभूत प्रश्न विचारला : नोंदवलेला आकडा खरोखर मागणीचा असतो काय? लिटलवुड यांनी १९७२ मध्ये एक नियम मांडला. सवलतीचे तिकीट ३,००० रुपयांचे व पूर्ण दराचे ६,००० रुपयांचे असेल, तर पूर्ण दराचा प्रवासी मिळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेतोवर ते आसन राखून ठेवावे. परंतु ही शक्यता मोजायची कशी? सवलतीची ४० आसने संपली तर दप्तरी ४० हाच आकडा राहतो; परत गेलेल्यांची नोंद कोठेच नसते. शिवाय पूर्ण दर देऊ शकणारा ग्राहकही स्वस्त तिकीट मिळाल्यास तेच घेतो. परिणामी महागड्या तिकिटांची मागणी कमी भासते, पुढील वेळी त्यांसाठी कमी आसने राखली जातात आणि मागणी आणखी कमी भासते. या घसरत्या चक्राची गणिती मांडणी कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केली. प्रवासी उपलब्ध पर्यायांतून निवड कशी करतो, हा म्हणूनच अलीकडील संशोधनाचा एक प्रमुख विषय झाला आहे.

भारताचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात २०२२ पर्यंत ३० कोटी देशांतर्गत तिकिटांचे उद्दिष्ट होते. २०१६ मधील प्रवासी सुमारे १० कोटी. म्हणजे दरसाल २० टक्के वाढ गृहीत होती, आणि तेव्हाचा वेग खरोखरच तेवढा होता. प्रत्यक्षात २०२२ मध्ये प्रवासी १२ कोटींच्या थोडे वर गेले. २०२० ची महामारी हे मोठे कारण खरे, परंतु एकमेव नव्हे. २०१९ मध्येच वाढ चार टक्क्यांच्या आत आली होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि आसनेच कमी पडली. प्रवाशांची इच्छा ओसरली की आसनांचा पुरवठा आटला, हे केवळ प्रवासी-संख्येवरून सांगता येत नाही.

‘उडान’ योजनेपुढील अडचण आणखी वेगळी. एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली मार्गाने तिचा प्रारंभ झाला. पूर्वी विमानच नसलेल्या मार्गांवर कालश्रेणी आणायची कोठून? तेथे वातानुकूलित रेल्वे डब्यांतील प्रवासी, स्थानिक उत्पन्न व रस्त्याने लागणारा वेळ यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.