बायकांच्या तक्रारींनी पकडलेला डॉन



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आम्ही हिशोबाच्या वह्या बघत बसलो होतो. शेजारी दोन मुली मोबाइलवर सिनेमा बघत होत्या. "डॉनचा काय थाट असतो ना!" त्यातली एक म्हणाली. तेव्हाच आम्ही ठरवलं, की आज रेडिओवर एका खऱ्या डॉनची गोष्ट सांगायची. त्याचा थाट कोणाच्या जिवावर चालला आणि कोणामुळे मोडला, हेही सांगायचं.

त्याचं नाव चार्ल्स लुसियानो. लोक त्याला 'लकी', म्हणजे नशीबवान म्हणायचे. जन्म १८९७चा, इटलीतल्या सिसिली बेटावरचा. गावात गंधकाच्या खाणी आणि गरिबी. १९०६च्या सुमारास घरच्यांनी मुलाबाळांसह अमेरिकेची वाट धरली आणि न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्तीत बिऱ्हाड केलं. तसे लाखो इटालियन तेव्हा अमेरिकेत गेले, आणि बहुतेकांनी घाम गाळून संसार उभे केले. या पोराने मात्र लवकर शाळा सोडली, गल्लीतल्या टोळीत शिरला. अठराव्या वर्षी नशेचा माल विकताना पकडला गेला, सुधारगृहात राहून आला.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी झाली. कायद्याने दारू बंद झाली, पण पिणारे काही थांबले नाहीत. चोरट्या दारूवर टोळ्या गब्बर झाल्या, त्यात लुसियानोही आला. १९३१ मध्ये दोन जुन्या म्होरक्यांचे खून झाले आणि सगळी सूत्रं त्याच्याकडे आली. न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांमध्ये इलाके वाटले गेले, भांडणं मिटवायला म्होरक्यांची समिती बसवली गेली. स्वतः लुसियानो खोट्या नावाने शहरातल्या मोठ्या हॉटेलात राहायचा. पोलीस, पुढारी खिशात. त्याच्याविरुद्ध बोलणार कोण?

आता दुसरी बाजू ऐका. शहरात बायकांसाठी एक वेगळं कोर्ट होतं. वेश्याव्यवसायात पकडलेल्या बायकांना तिथे उभं करायचे. सरकारी वकील होत्या युनिस कार्टर. कृष्णवर्णीय बाई, त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. रोज तीच प्रकरणं, म्हणून बाकीच्यांना ती किरकोळ वाटत. कार्टरबाईंनी मात्र लक्ष ठेवलं. वेगवेगळ्या अड्ड्यांवरच्या बायका, पण वकील तोच, जामीन देणारा तोच, आणि पढवलेली कहाणीही तीच! मग यांच्या मागे एकच हात असणार, हे त्यांनी ओळखलं.

१९३५ मध्ये टोळ्यांचा छडा लावायला थॉमस ड्यूई यांची खास नेमणूक झाली. त्यांच्या वकिलांत कार्टर या एकट्याच बाई. असल्या प्रकरणात हात घालायला ड्यूई आधी तयार नव्हते. कार्टरबाईंनी चिकाटीने कागद जमवले, बायकांचं म्हणणं पुढे ठेवलं, तेव्हा ते राजी झाले. १ फेब्रुवारी १९३६च्या रात्री ऐंशीच्या आसपास अड्ड्यांवर एकदम छापे पडले. शंभराच्या वर लोक पकडले गेले, त्यात बायकाच जास्त.

त्यांच्या बोलण्यातून धंद्याचा हिशोब उघडा पडला. बाईच्या कमाईतला निम्मा वाटा घरवालीचा, मग दलालाचा, वर दर आठवड्याला जामिनासाठी टोळीचा हप्ता. हातात उरायचं थोडंसं.

मे महिन्यात खटला उभा राहिला. साक्षीदार बायकांना कोठडीत ठेवलं होतं, जिवाची भीती होती. विरोधी वकिलांनी त्यांच्या चारित्र्यावर आणि नशेवर बोट ठेवलं. तरी त्या बोलल्या. जूनमध्ये ६२ आरोपांवर लुसियानो दोषी ठरला. शिक्षा झाली तीस ते पन्नास वर्षांची.

पुढे काही जणींनी जबानी फिरवली, पण वरच्या कोर्टाने शिक्षा कायम ठेवली. त्याने स्वतः किती अड्डे चालवले, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. महायुद्धात न्यूयॉर्क बंदराच्या सुरक्षेसाठी नौदलाला मदत केली म्हणून १९४६ साली त्याची शिक्षा कमी झाली, आणि त्याला इटलीला धाडून दिलं. १९६२ मध्ये नेपल्सच्या विमानतळावर तो हृदयविकाराने मेला. ज्या अमेरिकेत मोठा झाला, तिथे जिवंतपणी त्याला पुन्हा राहता आलं नाही.

मैत्रिणींनो, कार्टरबाईंच्या हातात बंदूक नव्हती. दहा ठिकाणच्या बायकांचं बोलणं त्यांनी एका जागी मांडलं, एवढंच. आम्हीही पाच गावं फिरतो. कधी मुलीला शहरात नोकरी लावतो म्हणणारा एजंट, कधी कोऱ्या कागदावर सही घेणारा सावकार. एका गावात ऐकलेलं नाव दुसऱ्या गावातही निघतं. प्रत्येकीला वाटतं, फसले ती मी एकटीच. म्हणून गप्प राहू नका. बैठकीत सांगा, तारीख घालून वहीत लिहा, आम्हाला कळवा. धोका दिसला तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या नंबरवर फोन करा.

आणि त्या मुलींना पुन्हा कधी डॉनचा थाट आवडला, तर त्यांना कार्टरबाईंची गोष्ट जरूर सांगा.