झाडांच्या मोजणीत हरवलेली माती

पावसाळा सुरू झाला की देशात वृक्षारोपणाच्या आकड्यांनाही पूर येतो. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी ह्यांनी वनमहोत्सवाची प्रथा घातली, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा हा खड्डे, रोपे आणि छायाचित्रे ह्यांचा आठवडा होऊन बसला आहे. महाराष्ट्राने २०१६ साली २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. तो पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेला. त्यांपैकी जगली किती, ह्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु आकडे सांगणाऱ्यांनी आणि त्यांवर शंका घेणाऱ्यांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरली होती. ती ही की, जंगल म्हणजे झाडे, आणि झाडे मोजली की जंगल मोजले.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे अहवाल मात्र निराळी हकीकत सांगतात. २०१९ च्या अहवालानुसार देशाच्या वनांत साठलेला एकूण कार्बन सुमारे ७१२ कोटी टन होता; त्यापैकी सुमारे ४०० कोटी टन, म्हणजे शेकडा ५६, एकट्या मातीत होता. खोडे, फांद्या, पाने, मुळे, पडलेली लाकडे आणि पाचोळा ही सारी एका पारड्यात घातली तरी ते पारडे मातीपेक्षा हलकेच भरते. शिवाय ही माती फक्त वरच्या ३० सेंटिमीटरांची, म्हणजे जेमतेम एक फुटाची. सर्वेक्षणाचे कर्मचारी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घेऊन नमुना काढतात. त्याखाली काय आहे, ते ह्या हिशेबात येत नाही. साऱ्या जगाचा विचार केला तरी हेच चित्र दिसते. एक मीटर खोलीपर्यंतच्या मातीत सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन आहे, आणि तो वातावरणातील कार्बनहून कितीतरी अधिक आहे. २०३० पर्यंत वने आणि वृक्ष ह्यांच्याद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतकी अधिक साठवण निर्माण करण्याचे वचन भारताने २०१५ साली जगाला दिले. ते वचन झाडांकडे पाहून दिले गेले असले, तरी त्याची फेड बऱ्याच अंशी मातीवर अवलंबून आहे.

मातीत कार्बन येतो कसा आणि टिकतो कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. येण्याची वाट सर्वांना ठाऊक आहे. पाने गळतात, मुळे मरतात, वाळवी, गांडुळे, बुरशी आणि जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. ह्या मेजवानीतील बहुतेक कार्बन श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. मागे उरतो तो अगदी थोडा. हा उरलेला भाग पचायला कठीण असतो म्हणून टिकतो, अशी समजूत दीर्घ काळ होती. गेल्या काही दशकांतील संशोधनाने तिला धक्का दिला आहे. पदार्थ मुळात कठीण आहे की मऊ, ह्यापेक्षा तो चिकणमातीच्या किंवा लोहाच्या कणाला चिकटला आहे काय, मातीच्या घट्ट ढेकळात बंद झाला आहे काय, जिवाणूंना त्याच्यापर्यंत पोहोचता येते काय, ह्यांवर त्याचे आयुष्य ठरते. घरातील धान्य टिकते ते दाणा कठीण असतो म्हणून नव्हे, तर कणगीला भोक नसते म्हणून.

ही कणगी कोठे मोठी असते आणि कोठे लहान, ह्याचा पद्धतशीर विचार प्रथम मांडणाऱ्यांत हान्स येनी ह्या मृदाशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. हवामान, सजीव, जमिनीचा उतार, मूळ खडक आणि काळ ह्या पाच गोष्टी माती घडवितात, असे त्याने १९४१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. भारतीय वाचकाला विशेष वाटावे अशी गोष्ट ही की, हाच येनी पुढे भारतातील माती तपासण्यात गुंतला आणि रायचौधुरी ह्यांच्यासह त्याने लिहिलेला ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६० साली प्रसिद्ध केला. पाऊस वाढतो तसा मातीतील सेंद्रिय अंश वाढतो, उष्णता वाढते तसा तो घटतो, आणि नांगर फिरला की तो आणखी घटतो, असा त्याचा निष्कर्ष. महाबळेश्वरच्या थंड, भिजक्या माथ्यावरील रान आणि चंद्रपूरच्या तापत्या उन्हातील सागवान ह्यांच्या पायाखालची माती एका मापाने का मोजता येत नाही, ह्याचे उत्तर त्यातच आहे.

येथे एका जुन्या गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. दख्खनची माती काळीभोर आहे म्हणून ती कार्बनाने समृद्ध असणार, असे अनेक सुशिक्षितांनाही वाटते. वस्तुतः शेतातील काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतो. रंग काळा असतो तो मुख्यतः खनिजांमुळे आणि चिकणमातीशी एकजीव झालेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशामुळे. उलट सह्याद्रीच्या सदाहरित रानाखालची तांबूस माती, तिच्यातील लोहामुळे आणि वर सतत पडणाऱ्या पाचोळ्यामुळे, पुष्कळ अधिक कार्बन बाळगून असते. रंगावरून पारख करणे मातीच्या बाबतीतही फसवेच ठरते.

झाड कोणते, ह्यालाही महत्त्व आहे. पण ते पानांपेक्षा मुळांमुळे अधिक. स्वीडनमधील सरोवरांच्या बेटांवरील वनांत साठलेल्या कार्बनाचा निम्म्याहून अधिक भाग मुळे आणि मुळांवर वाढणारी बुरशी ह्यांच्याकडून आला आहे, असे २०१३ साली तेथील शास्त्रज्ञांनी दाखविले. छत्तीसगड, झारखंडातील सालवृक्षाच्या मुळांवर बुरशीचे जे आवरण असते, तसे सागाच्या मुळांवर नसते. सागाची सोबतीण बुरशी निराळ्या जातीची, मुळाच्या आत शिरणारी. ह्या दोन प्रकारच्या वनांत कार्बन टिकण्याची रीतही निराळी असते. सागाच्या रुंद पानांवरून पडणारे टपोरे थेंब उघडी जमीन खरवडतात, हे उतारावर निव्वळ साग लावणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. खाली झुडपे आणि पाचोळा असेल तर हे नुकसान होत नाही. बिनझुडपांचे, झाडलोट केल्यासारखे स्वच्छ सागवन दिसायला नेटके असते आणि मातीला महाग पडते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. एकदा गेलेला मातीचा कार्बन झाडे लावून परत मिळतो काय? ह्याचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील कॅल्हून येथे मिळते. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवून झिजलेल्या तेथील जमिनीवर १९५७ साली पाइनची झाडे लावण्यात आली. १९६२ पासून तेथील माती ठराविक वर्षांनी काढून बरण्यांत जपून ठेवली गेली, आणि म्हणून जुनी व नवी माती शेजारी ठेवून तपासता आली. असे दीर्घ धोरण सरकारी कामात क्वचितच आढळते. सुमारे चाळीस वर्षांनी, १९९९ साली, डॅनियल रिख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो हिशेब प्रसिद्ध केला तो वृक्षारोपणाच्या भक्तांना विचारात पाडणारा होता. रान दाट झाले होते, लाकूड भरपूर साठले होते, जमिनीवर पाचोळ्याचा थर चढला होता. पण त्या साऱ्या नव्या कार्बनापैकी खनिज मातीत शेकडा एकदेखील उतरला नव्हता. माती भरड होती, तिच्यातील चिकणमाती दुबळी होती. जे येत होते ते झपाट्याने कुजून निघून जात होते. पुढे २०१५ सालच्या अभ्यासात तर असे आढळले की, वरच्या काही सेंटिमीटरांत थोडी भर पडली असली तरी ३५ ते ६० सेंटिमीटर खोलीवर घट झाली आहे. फूटभर खड्ड्याच्या मोजणीला ही घट कधीच दिसली नसती.

स्कॉटलंडमधील माळांवर लावलेल्या बर्च आणि पाइन ह्यांचाही अनुभव असाच आहे. १२ आणि ३९ वर्षांनंतरच्या मोजणीत झाडे व माती मिळून एकूण कार्बनात वाढ दिसली नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. झाडांत जे साठले, ते मातीने गमावले होते. नगर-सोलापूरकडील गवताळ माळरानांना ‘पडीक’ ठरवून तेथे खड्डे खणण्याची जी हौस आहे, तिने ह्या गोष्टीची दखल घ्यावयास हवी. गवताचे धन जमिनीखालीच असते.

मग पाचोळा अधिक घातला तर? हाही प्रयोग होऊन गेला आहे. मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड फॉरेस्ट ह्या संशोधनवनात १९९० पासून काही वाफ्यांवर दुप्पट पाचोळा घालण्यात आला आणि काहींवरून तो काढून टाकण्यात आला. वीस वर्षांनी दुप्पट पाचोळ्याच्या मातीत कार्बन वाढला नव्हता. काढून घेतलेल्या मातीतला मात्र घटला होता. त्याच रानात १९९१ पासून जमिनीखाली तारा पुरून माती ५ अंशांनी तापविण्यात आली. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटिमीटरांतील शेकडा १७ कार्बन उडून गेला. मातीचे हे खाते विलक्षण आहे. त्यात भरणा सावकाश होतो, कधी होतही नाही. काढणे मात्र केव्हाही चालते.

आपल्याकडे ही काढणी अनेक हातांनी होते. दर उन्हाळ्यात मोहफुले वेचणे सोपे जावे, तेंदूची कोवळी पाने यावीत म्हणून लावलेली आग विदर्भातील जंगलांत मैलोगणती पसरते. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी ऐनाच्या फांद्या व पाचोळा जाळून राब भाजण्याची रीत जुनी आहे. ह्या माणसांना दोष देणे सोपे असते, आणि शहरातून तर फारच सोपे. पण राबासाठी वाहून नेलेला पाचोळा आणि खाणीसाठी यंत्राने खरवडून ढिगात टाकलेली सबंध माती ह्यांना एका तागडीत तोलणे न्यायाचे नव्हे. पाचोळा पुढच्या शिशिरात पुन्हा पडतो. फूटभर माती तयार व्हायला शतके लागतात.

ह्या पार्श्वभूमीवर भरपाई वनीकरणाचा सरकारी हिशेब पाहण्यासारखा आहे. ग्रेट निकोबार बेटावरील प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन वळविण्यास २०२२ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, तेव्हा त्याच्या बदल्यातील झाडे हरियाणात लावण्याचे ठरले. विषुववृत्ताजवळच्या ओल्या बेटाची माती आणि उत्तरेकडील कोरड्या राज्याची माती कागदावर एकमेकींची जागा घेऊ शकतात. येनीच्या पाच गोष्टींपैकी एकही तेथे जुळत नाही. हरित पत योजनेच्या २०२४ सालच्या नियमांत तर हेक्टरी किमान ११०० झाडे आणि झाडामागे एक पत असा सरळ हिशेब होता. २०२५ मध्ये नियम बदलले, पाच वर्षे जगलेली झाडे आणि छत्राची किमान घनता ह्या अटी आल्या. ही सुधारणा स्वागतार्ह होती, परंतु मोजणीचा आधार झाड आणि त्याची सावली हाच राहिला.

वनजमीन वळविण्याच्या प्रस्तावासोबत झाडांची जातवार आणि घेरवार यादी द्यावी लागते. साग किती, ऐन किती, कोणत्या घेराचे किती, हे बारकाईने लिहिले जाते. त्या यादीला मातीच्या परीक्षणाचा एक कागद जोडणे, तोही फूटभर नव्हे तर मीटरभर खोलीचा, ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. वनांचे सर्वेक्षण करणारी संस्था डेहराडूनला आहे आणि देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आपल्या नागपुरातच आहे.