हिवाळ्यात त्वचेसाठी कॅप्सूल घ्याव्यात का?

सातपुड्यात थंडी वाढली, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याचे फोटो फिरू लागले, की फीडमध्ये जाहिरातीही येतात: कोलॅजनची पावडर, बायोटिनच्या गमीज, व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल. खाल्ल्या की त्वचा ‘आतून’ मऊ होणार म्हणे. खरंच होते का?

आधी त्वचा फुटते कशी, ते पाहू. थंड हवेत बाष्प कमी असतं. त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी अशा हवेत पटकन उडून जातं. ते अडवणारा नैसर्गिक तेलकटपणा आपण कढत पाण्याने आणि साबणाने धुऊन टाकतो. गळती बाहेरून आहे. म्हणून कोमट पाण्याने अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन, हा उपाय आधी. तो स्वस्तही आहे.

कोलॅजन पोटात गेलं की पचतं, त्याचे बारीक तुकडे होतात. काही चाचण्यांमध्ये त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसला, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या आणि कंपन्यांच्या पैशातून झालेल्या. बायोटिनची रोजची गरज साधारण 30 ते 40 मायक्रोग्रॅम, आणि बाजारातल्या अनेक गोळ्या 10 मिलिग्रॅमच्या, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅमच्या. एवढ्या डोसमुळे थायरॉईड आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर यकृताला त्रास होतो, गरोदरपणात बाळालाही.

मग गोळ्या निरुपयोगीच? नाही. शरीरात खरोखर कमतरता असेल, तर गोळीइतकं चटकन काही काम करत नाही. आणि नंदुरबारमध्ये, जिथे कुपोषण हा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे, हीच बाजू जास्त महत्त्वाची आहे.

पेलाग्राचंच घ्या. हा नायसिनच्या, म्हणजे व्हिटॅमिन बी 3च्या, कमतरतेचा आजार. मान, हाताची मागची बाजू, पावलं अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर त्वचा काळवंडते, खरखरीत होते, सोलते. दोन्ही हातांवर सारखीच. सोबत जुलाब, तोंड येणं, चिडचिड. मक्यातलं नायसिन शरीराला सहज मिळत नाही, आणि ज्वारी खाणाऱ्यांमधल्या पेलाग्रावर हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास संशोधन केलं होतं. दारूचं व्यसन असेल तर धोका वाढतो. याचा अर्थ भाकरी सोडा असा मुळीच नाही. नुसत्या भाकरीवर दिवस निघू नये, एवढंच. सोबत डाळ, शेंगदाणे, अंडी, मासे हवेत. पेलाग्राच्या रुग्णाला डॉक्टरांनी नायसिनच्या गोळ्या सुरू केल्या की काही दिवसांतच फरक दिसू लागतो. ‘थंडीने उललंय’ म्हणून तेल चोळत राहिलं, तर आजार आत वाढत जातो.

लहान मुलाची त्वचा सोलत असेल आणि पायावर सूज असेल, तर क्रीम शोधू नका. ते तीव्र कुपोषण असू शकतं. मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्या. गरज पडली तर तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

आणखी एक. जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि ‘सगळं एकात’ प्रकारच्या अनेक गोळ्यांमध्ये लोह असतं. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. त्यामुळे घरात कुणाला सिकलसेल असेल, तर डबा उघडण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा.